मिंट एका दुपारी बसलं, मराठी हलवायला पावसाळा गेला

लॅपटॉप बंद पडला नव्हता, हे आधी सांगते. २०१६ मध्ये घेतलेला, आय-थ्री प्रोसेसरचा, चार जीबी रॅमचा. त्यावर मी नऊ वर्षं लोकांचे प्रबंध, करारनामे, अर्ज, लग्नपत्रिकांचे मजकूर टाइप केले. अलीकडे तो फार जड चालायचा. वर्डची फाइल उघडायला दिली की मी चहा ठेवून यायची. त्यातच, विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद होणार, अशी पाटी पडद्यावर येऊ लागली. मे महिन्यात एका सकाळी, ऊन चढायच्या आत, तो नागपुरातच सीताबर्डीला नेहमीच्या दुरुस्तीवाल्या दादांकडे नेला. त्यांनी चालू करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, याच्यात इलेव्हन नाही बसत जी. नवाच घ्या लागते."

त्यांचं खरं होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. माझा सहाव्या पिढीतला. आडवाटेनं बसवता येतं, पण ज्यावर घर चालतं त्या मशीनवर मला आडवाट नको होती. नंतर विंडोज १० ला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या अपडेटची वाढीव मुदत मिळाली, पण तोवर मी निघालेली होते.

भाचा हिंगणा रोडवरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. त्याला लॅपटॉप दाखवला. "मावशी, मशीन चांगली आहे तुझी. काहून फेकून राहिली? एसएसडी टाक, रॅम वाढव, लिनक्स मिंट टाकू." लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी सिस्टिम. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, आणि आणखी चार जीबी रॅम दादांनीच बसवून दिली, जुनी विंडोज नव्या एसएसडीवर जशीच्या तशी उतरवून. तेवढ्यानंही लॅपटॉप उड्या मारू लागला. तुमचा लॅपटॉप संथ असेल तर सिस्टिम बदलायच्या आधी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकून बघा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

मिंटची गोष्ट थोडक्यात. भाच्यानं मिंट २२.१ डाउनलोड केलं, जवळजवळ तीन जीबी. या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, हे मी आधी विचारून घेतलं, कारण चार वर्षांच्या आत पुन्हा हीच यातायात मला नको होती. रुफस नावाच्या प्रोग्रामनं ते पेनड्राइव्हवर चढवलं. लॅपटॉप चालू होताना एफ-ट्वेल्व्ह दाबून पेनड्राइव्ह निवडला आणि मिंट पडद्यावर आलं, एसएसडीला अजून हातही न लावता. याला लाइव्ह म्हणतात. मी दोन दिवस तशीच लाइव्ह वापरली. आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, कॅमेरा चालतो का, सगळं बघितलं. वाय-फाय दिसेना. मग मोबाइल केबलनं जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं, मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून त्या चिपचा ड्रायव्हर घेतला आणि वाय-फाय सुरू झालं. ही अडचण इन्स्टॉल केल्यावर कळली असती तर मी घाबरले असते.

खरं इन्स्टॉल एका दुपारचं. कूलर सुरू, खिडकीला वाळ्याची ताटी, आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलेलो. त्याआधी तीन कामं केली होती. सगळ्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर काढल्या आणि त्यातल्या दहा-बारा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्या, कारण न उघडून पाहिलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालायची विंडोजची सोय, चालू नाही ना, ते तपासलं. आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते, आणि मग मिंटमधून तिच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या तिच्या वाट्यावर, लिहिता येत नाही. विंडोज पुसली नाही, बाजूला ठेवली. आता लॅपटॉप चालू केला की दोन्हींची यादी येते, हवी ती निवडायची.

दुसऱ्या दिवशी विंडोज उघडली तर घड्याळ साडेपाच तास मागे. बॅटरी गेली वाटलं. कारण निराळंच निघालं: मिंट लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजते, आणि आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, एका ओळीचा हुकूम दिला आणि मिंटही आतल्या घड्याळात भारतीय वेळ ठेवू लागलं.

सी ड्राइव्ह कुठे गेला, फाइलचं इंग्रजी नाव मोठ्या अक्षरात आणि छोट्या अक्षरात ठेवलं तर दोन वेगळ्या फाइल्स कशा होतात, असे प्रश्न आठवडाभरात अंगवळणी पडले. अडकले ती मराठीपाशी.

मी १९९८ मध्ये महाल भागातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची, परीक्षा पास झाले, रेमिंग्टनच्या मशीनवर. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा कृतिदेव फॉन्ट मिळाला. त्याच्या किल्ल्या त्याच टाइपरायटरच्या, बोटांना काही नवीन शिकावं लागलं नाही. म्हणून माझ्यासारख्या हजारो टायपिस्ट त्यावरच राहिल्या. पण कृतिदेवमध्ये कॉम्प्युटरला मराठी कळत नाही. त्याच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांच्यावर देवनागरीची चित्रं चढवलेली. छोटा ई, जे, के, मग मोठा बी, आणि छोटा एच, एवढं ओळीनं दाबलं की पडद्यावर 'मराठी' दिसतं. फॉन्ट काढून घेतला की ती पाच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

मिंटमध्ये तसा फॉन्ट टाकता येतो. टाकला, वर्डच्या जागी असलेल्या लिब्रेऑफिसमध्ये फाइल्स उघडल्याही. पण टाइप करायला गेले की अक्षरं बदलू लागली. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करायची सोय चालू होती, आणि कृतिदेवमध्ये छोटं-मोठं अक्षर म्हणजे दोन वेगळी मराठी अक्षरं. सरळ अवतरणचिन्हं गोल करायचीही सोय होती, आणि अर्धा श तिथल्या एकेरी अवतरणचिन्हाच्या किल्लीवर आहे. दोन्ही सोयी बंद केल्या, काम चालू झालं. तिथेच थांबता आलं असतं.

थांबले नाही ते आईच्या फाइलमुळे. २०१० मध्ये आईनं मला भुलाबाईची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या सांगितल्या होत्या, संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की रोज थोड्या. मी त्या टाइप करून ठेवल्या, कृतिदेवमध्येच. आई आता नाही. अमरावतीच्या धाकट्या बहिणीला ती फाइल मी दोनदा पाठवली होती आणि दोन्ही वेळा तिच्या मोबाइलवर नुसती इंग्रजी अक्षरांची रांग उमटली. आता मिंटमध्ये मी फाइल उघडून शोधायच्या खिडकीत युनिकोडमध्ये, म्हणजे ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो आणि जे मोबाइललाही कळतं त्या पद्धतीत, 'माहेर' लिहिलं. एकही जागा सापडली नाही. ज्या गाण्यांत पावलोपावली माहेर आहे, त्यात कॉम्प्युटरला ते कुठेच दिसेना. त्या दिवशी ठरवलं, माझी सगळी मराठी युनिकोडमध्ये आणायची.

कृतिदेवचं युनिकोड करून देणारे तयार कन्व्हर्टर आहेत. छोट्या मजकुराला चालतात, पण माझ्या प्रबंधांत अडले. प्रबंधात मधूनमधून इंग्रजी शब्द असतात, आणि नुसता मजकूर चिकटवला की कन्व्हर्टर इंग्रजीचीही मराठी करतो. इंग्रजीतला 'द' (टी, एच, ई) हा शब्द कृतिदेवच्या किल्ल्यांनी वाचला तर 'जीम' होतो. अशा शेकडो जीम माझ्या पानांत आल्या. भाचा म्हणाला, "मावशी, आपणच प्रोग्राम लिहू. पण कोणती किल्ली कोणतं अक्षर, हे तुलाच सांगा लागते."

मी वहीत तक्ता लिहून दिला, डोळे मिटून, बोटं टेबलावर चालवत. जून सगळा त्यात गेला, आणि मला तो महिना फार आवडला. सत्तावीस वर्षं बोटांत असलेली विद्या पहिल्यांदा शब्दांत सांगावी लागत होती. टाइपरायटरवर ख, घ, ण, थ, ध, भ, श ही अक्षरं आधी अर्धी काढायची आणि मग त्यांना काना जोडून पूर्ण करायची. म्हणजे कान्याची किल्ली कधी काना असते, कधी अक्षराचा दंड. प्रोग्रामनं अशा जोड्या आधी ओळखल्या पाहिजेत, मग एकेकटी अक्षरं. हे मी सांगेपर्यंत भाच्याचं 'घर' घ्ार असं येत होतं.

पहिली वेलांटी त्याहून नाठाळ. कागदावर ती अक्षराच्या डावीकडे, म्हणून टाइपरायटरवर आधी वेलांटी आणि मग अक्षर. युनिकोडमध्ये आधी अक्षर आणि मग वेलांटी, जशी आपण उच्चारतो तशी. 'दिवस'मध्ये तिला एका अक्षरावरून उडी मारायला लावली की झालं. 'स्थिती'मध्ये मात्र तिनं अख्ख्या स्थ वरून गेलं पाहिजे, नाहीतर ती अर्ध्या स पाशीच अडकते. रफाराचं उलट. 'धर्मात' लिहिताना रफार म आणि कान्याच्या नंतर मारतात, पण युनिकोडमध्ये तो म च्या आधी हवा. इंग्रजी शब्दांचा प्रश्न भाच्यानं फार छान सोडवला: फाइल वर्डच्या डॉकएक्स प्रकारात साठवायची आणि प्रोग्रामनं प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट बघायचा. कृतिदेव असेल तरच बदल, टाइम्स न्यू रोमन असेल तर हात लावायचा नाही. जीम गेल्या.

तरी वाचून बघावं लागतंच. आमच्या पहिल्या खेपेत 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं. मराठीत हा फरक जिवाभावाचा आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. हिंदीसाठी केलेल्या सोयींत हा आडवा र पुष्कळदा राहून जातो. मी शोधून शोधून ते सगळे सुधारले. प्रोग्रामवर सोडले नाहीत, कारण 'कार्य', 'सूर्य' यांतला रफार खरा आहे.

मग नवं टायपिंग. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली किल्ल्यांची मांडणी, जोडलं. हिंदीखाली रेमिंग्टनचीही पद्धत मिळते, त्यामुळे जुन्या बोटांनी युनिकोड लिहिता येतं. चार दिवस तसं केलं, पण माझ्या मनात होतं की बदलायचंच आहे तर नीट बदलू. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. के वर क, शिफ्ट दाबून ख. आडव्या र साठी स्वतंत्र जागा आहे: शिफ्ट आणि जे, मग पाय मोडायचा, मग य. पहिल्या आठवड्यात मिनिटाला दहा शब्दसुद्धा होत नव्हते. माझ्या जुन्या म च्या किल्लीवर इथे काना आहे, आणि जुन्या क च्या जागी पायमोडीची खूण. पण र दोन्हीकडे जे वरच आहे आणि पहिली वेलांटी दोन्हीकडे एफ वर. नव्या घरात माहेरची दोन भांडी दिसावीत तसं मला झालं. रोज पहाटे अर्धा तास, पावसाच्या आवाजात, मी आईच्याच ओव्या पुन्हा टाइप करून हात बसवला. ऑगस्टच्या शेवटी मिनिटाला पंचवीसवर आले.

लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी लावा, ही एक गोष्ट आवर्जून सांगते. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. आईच्या ओव्यांत ते तसेच हवे होते मला.

२०२५ मध्ये कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती. त्याच्या दोन दिवस आधी फाइल बहिणीला पाठवली. शोधाच्या खिडकीत आता 'माहेर' एक्केचाळीस ठिकाणी सापडत होतं. कोजागिरीच्या रात्री तिचा फोन आला. तिनं शेजारच्या मुलींना गच्चीवर बसवून मोबाइलवरून ती गाणी म्हणून दाखवली होती. मग म्हणाली, "ताई, तिसऱ्या गाण्यात एक ओळ सुटली गं. आई फुलांच्या आधी पानांचं म्हणत होती." तिनं ओळ म्हणून दाखवली. मी फोन स्पीकरवर टाकला आणि तिथल्या तिथे फाइलमध्ये लिहून घेतली.

प्रबंधांच्या आठ फाइल्स अजून बाकी आहेत. त्यातल्या दोन फाइल्समध्ये निराळाच एक फॉन्ट निघाला आहे, त्याच्या किल्ल्या कृतिदेवशी जुळत नाहीत, त्याचा तक्ता नव्यानं लिहिते आहे. एक छापखाना अजून कृतिदेवमध्येच मजकूर मागतो, त्यांच्यासाठी मिंटमध्ये तो फॉन्ट ठेवला आहे. विंडोजचं पार्टिशनही ठेवलंय, नेट न जोडता, महिन्यातून एखादं जुनं पॅकेज उघडण्यापुरतं. भाच्यानं प्रोग्राममध्ये उलटी दिशाही घालायला घेतली आहे, युनिकोडमधून कृतिदेवकडे. ती झाली की त्या छापखान्यासाठीही मला दोनदा टाइप करावं लागणार नाही.