अरवरीच्या काठी, ऊसवाल्या आप्पांसोबत

निघालो नदी बघायला आणि पहिल्या दिवशी पोचलो भानगढला. जयपूरला गाडी ठरवताना ‘प्रतापगढ-अजबगढच्या बाजूला जायचंय’ एवढंच सांगितलं होतं. त्या बाजूला माणूस भुतांचा किल्ला बघायला सोडून कशाला जाईल, असं ड्रायव्हरचं ठाम मत. सूर्यास्तानंतर आत जायला मनाई असल्याचा पुरातत्त्व खात्याचा फलक आप्पांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, “भूत राहू दे, नदी कुठंय?”

आप्पा म्हणजे माझे चुलते. कोरेगाव तालुक्यात चार एकर ऊस. २०१६ च्या वॉटर कपात, म्हणजे पानी फाउंडेशनच्या गावोगावच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, आमच्या गावाने सलग समतल चर खणले, तेव्हा सकाळी सहाला कुदळ घेऊन सगळ्यांच्या आधी हजर असायचे. त्या पावसात विहिरी भरल्या. पुढच्या दोन वर्षांत गावात बोअरच्या गाड्या आल्या आणि ऊस वाढला. आता मार्चमध्ये परत टँकरची भाषा. म्हणून म्हटलं, आप्पा, एकदा अरवरी बघून येऊ.

अरवरी ही राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातली जेमतेम ४५ किलोमीटरची नदी. काही दशकं ती फक्त पावसाळ्यापुरती उरली होती. १९८५ मध्ये राजेंद्रसिंह आणि तरुण भारत संघ या संस्थेचे त्यांचे सोबती या भागात आले ते शाळा आणि औषधोपचाराचं काम करायला. गोपालपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं की ते राहू द्या, आधी जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारी मातीच्या पाळीची तळी, खणा. खणायला लागले. मध्ये पाटबंधारे खात्याची ‘बेकायदा बांध’ म्हणून नोटीसही येऊन गेली. पुढे नदीच्या पाणलोटात गावागावांनी मिळून पावणेचारशेच्या आसपास जोहड आणि बांध उभे केले आणि १९९५ च्या सुमारास नदी बारमाही वाहू लागली.

दुसऱ्या दिवशी भावता-कोल्याला. नदीचा उगम या जोडगावाच्या डोंगरात. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे आमच्यासारखी निराशा होणार नाही: भरून वाहणारी नदी बघायला म्हणून येऊ नका. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी गेलो होतो. कुठे घोट्याएवढं पाणी, कुठे डबकी, कुठे नुसती वाळू. आप्पा म्हणाले, “आमच्या ओढ्याला याच्यापेक्षा जास्त असतंय.” असतंय खरं, पण दिवाळीपर्यंतच.

बघायचं ते वरच्या अंगाला आहे. डोंगराच्या पायथ्याला चंद्रकोरीसारखी मातीची पाळ, एका कडेला जादा पाणी जायला सांडवा (तिकडे त्याला ‘अपरा’ म्हणतात), बास. सिमेंटचा पत्ता नाही. आप्पा पाळीवर उकिडवे बसले, मातीचं ढेकूळ उचलून बोटांनी चुरडलं आणि विचारलं, “कागद कुठाय खाली?” म्हणजे शेततळ्याचा प्लास्टिकचा. सोबत आलेल्या गुर्जर बाबांना प्रश्नच कळेना. जोहडातलं पाणी उचलायचं नसतंच, ते जिरवायचं. अरवलीच्या खडकातल्या भेगांतून ते खालच्या विहिरींत उतरतं आणि उरलेलं पाझरत पाझरत नदीला मिळतं. आपल्याकडे बोअरचं पाणी उपसून कागद टाकलेल्या तळ्यात साठवतात आणि त्यालाही जलसंधारणच म्हणतात. हे मी आप्पांना बोललो नाही. त्यांच्या मेहुण्याचं तसलं तळं आहे.

गावाच्या वरचं जंगल भैरोदेवाच्या नावाने राखलंय. आपल्या देवराईसारखंच, फक्त हे गावकऱ्यांनी ठरवून अभयारण्य केलेलं. कुऱ्हाड आत जात नाही. हिवरे बाजार बघितलेल्यांना कुऱ्हाडबंदी नवी वाटणार नाही. याच गावाला २००० साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते ‘डाउन टू अर्थ – जोसेफ सी. जॉन’ पुरस्कार मिळाला.

पण माझ्या मते खरी बघायची, म्हणजे ऐकायची, गोष्ट खाली हमीरपुऱ्यात आहे. नदीत पाणी आलं तसे मासे आले, आणि १९९६ मध्ये सरकारने मासेमारीचा ठेका एका ठेकेदाराला दिला. गावं उभी राहिली, ठेका रद्द झाला. प्रश्न मात्र उरला: नदी जिवंत केली आम्ही, मग ती कुणाची? आणि आमचीच असेल तर आमच्यातल्या कुणी किती पाणी घ्यायचं? त्यातून २६ जानेवारी १९९९ ला इथेच अरवरी संसद सुरू झाली, सत्तरेक गावांच्या प्रतिनिधींची. कायद्याचा हात तिला नाही. गावाची लाज, एवढंच बळ. तिचे नियम आम्हाला एका ओसरीवर खाटेवर बसून ऐकायला मिळाले: ऊस नाही, भात नाही. होळीनंतर पाऊस येईपर्यंत नदीतून शेतीला उपसा नाही. हिरवं झाड तोडायचं नाही, शिकार नाही.

उसाचं ऐकल्यावर आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली.

“आणि कुणी लावलाच तर?”

बाबा हसले. म्हणाले, लावणारे असतात की. मग लोक त्याच्या घरी जाऊन बसतात.

“किती वेळ?”

“जब तक समझे नहीं.”

हे सगळं आज जसंच्या तसं पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. दोन दिवसांत ते कळत नाही. खटके उडतात, तरुण मुलं दिल्ली-जयपूरला निघून जातात, हेही त्याच ओसरीवर कळलं.

जाणाऱ्यांसाठी: मुंबई सेंट्रलहून संध्याकाळची जयपूर गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचवते. पुण्याहून थेट गाडी रोज नाही, तेव्हा तारखा तिच्या हिशोबाने ठरवा. जयपूरहून शाहपुरा-विराटनगरमार्गे थानागाजीला जा, म्हणजे आमच्यासारखं भानगढ होणार नाही, आणि वाटेत विराटनगरला अशोककालीन बौद्ध अवशेषही बघून होतील. नकाशात नुसतं ‘प्रतापगढ’ टाकू नका. राजस्थानच्या दक्षिण टोकाला त्याच नावाचा अख्खा जिल्हा आहे. (आमच्या सातारकरांना तर फोन थेट महाबळेश्वरकडेच वळवतो.) ‘हमीरपूर’चंही तसंच, उत्तर प्रदेशात जाल.

तरुण भारत संघाचा आश्रम भीकमपुऱ्यात आहे. आधी कळवून, त्यांच्या माणसाला सोबत घेऊनच गावांत जा. नाहीतर मातीच्या पाळीचे फोटो काढून परत याल आणि त्यात घरच्यांना काहीच दिसणार नाही. पाणी भरलेलं बघायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर, मोहरीची पिवळी शेतं हवी असतील तर डिसेंबर-जानेवारी. तेव्हा थंडी कडक असते, स्वेटरवर भागत नाही. एप्रिल ते जून नावच काढू नका. दोन मुक्काम तरी हवेत. सरिस्का जवळ आहे, पण सफारी आणि जोहड एका दिवसात कोंबू नका. बुटांचे तळवे बघून घ्या. पाळीच्या उतारावर मी घसरलो आणि पँट फाटली. घरात चहा-ताक दिलं तर नको म्हणू नका, पैसे तर मुळीच काढू नका. अलवरचा कलाकंद मात्र विकत घ्या, पेढ्याची आठवण येते.

परतीच्या गाडीत आप्पा बराच वेळ गप्प होते. सवाई माधोपूर गेल्यावर म्हणाले, “आपल्या ओढ्याला वरच्या अंगाला बोअर किती आहेत रे?” मी म्हटलं वीस-पंचवीस असतील. त्यांनी कलाकंदाच्या खोक्याचं झाकण उलटं केलं, माझ्याकडून पेन घेतलं आणि एकेकाचं नाव लिहायला लागले. कोटा आलं तेव्हा एकेचाळीस झाली होती आणि त्यात स्वतःच्या दोन अजून धरल्या नव्हत्या.