फडक्याला फुकटचं श्रेय

बाबांची पद्मिनी गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, कोलशेतहून गायमुखपर्यंत कुरकुर न करता जाते, पण तिथे चहाला दहा मिनिटं थांबलो आणि परत चावी फिरवली की सेल्फ मस्त फिरतो, इंजिन मात्र धरतच नाही. अर्धा तास बोनेट उघडं ठेवायचं, मग निघायचं. दोन महिने हेच चाललं होतं.

जो तो सांगायचा, व्हेपर लॉक! पटण्यासारखंही होतं, कारण हिचा एसी पंप (नावात एसी असला तरी थंड हवेशी काही संबंध नाही, पेट्रोल ओढतो तो) इंजिनलाच चिकटलेला, गाडी बंद केली की पाणी फिरायचं थांबतं, सगळी उष्णता तिथेच कोंडते, आणि पेट्रोलचे हलके भाग तर 40 डिग्रीच्या आसपासच उकळायला लागतात, मग पंपात नुसती वाफ. म्हणून ओलं फडकं टाकायचं पंपावर. टाकलं की अर्ध्या तासाने गाडी सुरू! बाबा खूश.

पण अर्ध्या तासात फडक्याखालचा पंपच नाही, सगळंच थंड होतं ना.

गेल्या रविवारी माजिवड्याला फ्लायओव्हरखाली परत अडकलो तेव्हा ठरवलं, थांबायचं नाही, आजार अंगात असतानाच बघायचा. एअर फिल्टर काढून हाताने अ‍ॅक्सिलरेटरची दांडी ओढली, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची धार दिसली. म्हणजे पेट्रोल आहे. फिल्टर परत लावला (उघड्या पेट्रोलशेजारी ठिणगी कोण काढतो), एक प्लग काढून केबलला जोडला, ब्लॉकला टेकवला, भावाला सेल्फ मारायला सांगितलं. करंटच नाही! डेल्कोचे (प्लगांना करंट वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर) पॉइंट आणि कंडेन्सर मागच्याच महिन्यात बदललेले. मग राहिली कॉईल, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती. तिला हात लावला तर चटका बसला.

मल्टिमीटर डिकीत होताच. गरम कॉईलच्या सेकंडरीचं (प्लगकडे करंट पाठवणारं बारीक तारेचं वेटोळं) रीडिंग काहीच येईना, सर्किट ओपन. तीच कॉईल घरी थंड झाल्यावर मोजली तर 8 किलोओहम, एकदम ठणठणीत. आतली बारीक तार कुठेतरी तुटलेली असणार, थंड असताना टोकं टेकतात, तापली की सुटतात. आणि गॅरेजमध्ये कॉईल थंड असतानाच मोजली जायची, सापडणार कशी.

नवीन कॉईल टाकून काल भर दुपारी गायमुखला गेलो, दोनदा चहा प्यायलो, दोन्ही वेळा पहिल्या सेल्फला सुरू. बाबांनी तरी उतरून आधी पंपावर फडकं टाकलंच.