अर्धा कप चहा

गेली बारा वर्षे मी बेळगावात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. ठरवून केलेले सिझेरियन हे आमच्या रोजच्या कामातले सर्वांत शांत काम. घाई नाही, रात्रीची धावपळ नाही. तरीही गेल्या आषाढातला एक दिवस अशाच एका सिझेरियनमुळे माझ्या लक्षात राहिला आहे.

नंदगडच्या पुढच्या एका वाडीतून आलेली ही पहिलटकरीण होती. एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाले होते आणि बाळाचे डोके वर, पाय खाली होते. म्हणजे घरच्यांच्या भाषेत पायाळू. शस्त्रक्रिया साडेनऊला ठरलेली होती. जोशीबुवांनी काढून दिलेली १० वाजून १२ मिनिटांची वेळ सासूबाईंनी पंचांगाच्या कागदावर लिहून पदराच्या गाठीत बांधून आणली होती. नऊ वाजता मी नेहमीप्रमाणे विचारले, "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलंय?" सूनबाईंनी नाही म्हणून मान हलवली, पण सासूबाई मोकळेपणाने म्हणाल्या, "सात वाजता अर्धा कप चहा तेवढा दिलाय की हो बाई, जेवण कुठं दिलंय?"

स्वच्छ पाणी शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा मात्र हलक्या खाण्यात मोजतात आणि त्यासाठी सहा तास थांबावे लागते. गरोदरपणात जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते, शिवाय भरलेले गर्भाशय खालून जठराला रेटते. मणक्यातली भूल नीट लागली नाही आणि पूर्ण भूल देण्याची वेळ आली, तर पोटातले वर येऊन फुफ्फुसात उतरू शकते. न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन यांनी १९४६ साली बाळंतिणींमधल्या अशा ६६ घटना नोंदवल्या, तेव्हापासून आमच्या शाखेत हा धाक कायम आहे. कळा सुरू झाल्या असत्या किंवा बाळाचे ठोके बिघडले असते, तर मी तशीच पुढे गेले असते. येथे तसे काहीच नव्हते. मी एक वाजताची वेळ दिली.

मुहूर्त हुकला म्हणून नातेवाईक चिडले, आणि खरे सांगायचे तर मीही चिडले होते. मग सासूबाईंनी पिशवीतून आमच्याच रुग्णालयाने दिलेला सूचनांचा कागद काढला. तो एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी होता. घरात सगळ्यांचे शिक्षण मराठी शाळेत झालेले. शेजारच्या मुलाने वाचून एवढेच सांगितले होते की जेवण द्यायचे नाही. त्यांनी ते अक्षरशः पाळले होते. माझा राग त्या कागदाकडे वळला. संमतिपत्रही त्याच दोन भाषांत होते, म्हणून सही घेण्यापूर्वी मी ते ओळीने मराठीत सांगितले. त्याला वीस मिनिटे लागली, आणि त्या मुलीने पहिला प्रश्न तेव्हा विचारला: "मी जागी असणार काय?"

जागीच होती. एक वाजता तिला टेबलावर बसवले, हनुवटी छातीला लावून पाठ बाहेर काढायला सांगितले आणि कमरेच्या मणक्यांमधून केसासारखी बारीक सुई घातली. मिनिटभरात पाय गरम झाले, मग जड. स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवून गार लागत नाही याची खात्री केली, उजव्या कुशीखाली उशी सरकवली. रक्तदाब १२० वरून ८८ वर आला आणि तिला मळमळू लागले. हे बहुतेकींना होते, इंजेक्शनने दाब चढला आणि मळमळ थांबली. पडद्यापलीकडे छेद घेतल्यावर मी तिच्या कानाशी सांगत राहिले की दुखणार नाही, पण ओढाताण कळेल. "आतून कुणी तरी पोतं उपसायलंय," ती म्हणाली. सातव्या मिनिटाला मुलगी बाहेर आली. नाळ मिनिटभराने कापली, बाळाला पुसून तिच्या गालाला लावले. पुढची टाके घालण्याची पाऊण तासाची वेळ बाहेरच्यांना फार लांब वाटते. आत ती बाळंतीण थंडीने कुडकुडत होती, आणि बाळाकडे बघत हसतही होती. तो कुडकुडा भुलीचा असतो, तापाचा नाही, हे मी सासूबाईंना बाहेर येऊन मुद्दाम सांगितले.

त्या रात्री घरी बसून मी सूचनांचा कागद मराठीत लिहून काढला आणि त्यात "दुधाचा चहा, कॉफी, ताकही नको" ही ओळ ठळक केली. आता तो कन्नड कागदाला टाचून दिला जातो.

दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढून सूनबाईंना चालवत होते, तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेतले. पायाळू माणसाने पाय लावला की कंबरदुखी जाते, असे आमच्याकडे मानतात. पण हे बाळ तर पोट कापून काढलेले, मग ते पायाळू धरायचे की नाही, असा त्यांचा प्रश्न होता. पोटातूनही तिचे पायच आधी बाहेर आले, एवढे मी त्यांना पाहिलेले सांगितले. त्यांनी समाधानाने कमरेवर हात ठेवला.