‘शांत राहा’ दोन भाषांत ऐकताना: माझ्या ब्लू कार्डाचा अनुभव

जर्मनीत ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास परवाना, वाढवून घेताना मला फुकट आणि भरपूर मिळालेली एकच गोष्ट म्हणजे शांत राहण्याचे सल्ले. इंग्रजीतून आणि जर्मनमधून.

अर्ज भरणं सोपं होतं. पासपोर्ट, नोकरीचा करार, पगारपत्रकं, आरोग्यविम्याचं पत्र, सगळं अपलोड केलं. पहिला करार दोन वर्षांचा होता, म्हणून कार्डही करारापेक्षा जेमतेम तीन महिने जास्तीचं मिळालं होतं. आता नोकरी कायम झाली होती, त्यामुळे अडायचं कारणच नव्हतं. अर्ज पोचल्याची आपोआप येणारी मेल आली आणि तिथेच घोडं अडलं.

घोड्यावरून आठवलं. टीममधला आयरिश सहकारी म्हणायचा, ‘होल्ड युअर हॉर्सेस’. त्याच्या शेजारचा जर्मन म्हणायचा, ‘इमर लांगझाम मिट डेन युंगेन फेअर्डन’, म्हणजे तरण्या घोड्यांना जरा दमानं घेऊ दे. त्यांची घोडी आवरायची होती, माझं जागचं हलत नव्हतं.

एचआरमधली बाई तर चहावर आली. ‘आबवार्टन उंड टे ट्रिंकन’, वाट पाहा आणि चहा प्या. इंग्रज अशा वेळी नुसतं ‘वेट अँड सी’ म्हणतो. चहा इंग्रजांचा आणि म्हणीत घातला जर्मनांनी, ही गंमत मला तेव्हा मुळीच गंमत वाटली नाही. कारण तीच बाई दर आठवड्याला विचारायची, ‘नवीन कार्डाची प्रत कधी देतेस?’ वैध परवान्याची प्रत कंपनीला ठेवावीच लागते. म्हणजे चहा मी प्यायचा आणि तारीख तिला हवी.

आयरिश सहकाऱ्याच्या मगवर ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ लिहिलेलं होतं. हे पोस्टर ब्रिटिश सरकारने १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर छापलं, चोवीस लाखांच्या वर प्रती, पण त्यातल्या फारच थोड्या भिंतींवर लागल्या. २००० साली ॲनिक गावातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली आणि मग ते मगांवर चढलं. माझा अर्जही असाच कुठेतरी नीट रचून ठेवलेला असणार, हे तेव्हा स्पष्ट दिसत होतं.

परवाने देणाऱ्या, परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी कार्यालयाचा फोन लागला तर संगीत ऐकू यायचं आणि मग कट. मेलला उत्तर यायचं ते ठरलेलं: कृपया वारंवार चौकशी करू नये, त्यामुळे कामाला विलंब होतो. टेर्मीनचं, म्हणजे भेटीच्या वेळेचं, ऑनलाइन कॅलेंडर उघडलं की एकही वेळ मोकळी नसायची. सकाळी लवकर उघडून बघा म्हणाले, तेही बघितलं. कार्डाची मुदत जवळ येत होती, साताऱ्याला बहिणीचं लग्न ठरलं होतं. जर्मन लोक अशा वेळी म्हणतात, ‘मीर प्लात्स्ट डेअर क्रागन’, माझी कॉलर फाटते. मराठीत टाळकं सटकतं, ते सटकलंच.

मधेच एक सांगून टाकते, नाहीतर विसरेन. मुदत संपायच्या आत अर्ज केलेला असेल, तर निवास कायद्याच्या कलम ८१च्या चौथ्या पोटकलमानुसार जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालूच धरला जातो. त्याचा पुरावा म्हणून ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचं प्रमाणपत्र मिळतं, शुल्क १३ युरो. चौथ्या पोटकलमावर खूण असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. तिसऱ्यावर असेल तर परत येताना पंचाईत होते. हातात कागद पडला की आधी ती खूण बघा.

मला हे प्रमाणपत्र मागायचं आहे हे कळलं होतं, पण कुणाला मागायचं? खालच्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहतात. त्यांना जिन्यात सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘गेएन झी रूइग हिन!’ शाळेत ‘रूइग’ म्हणजे शांत असं शिकलेलं. इथे त्याचा अर्थ होता ‘खुशाल’. खुशाल जा तिथे आणि विचारा! शांत राहण्याच्या सल्ल्यांच्या ढिगात हा एकच ‘रूइग’ उठून चालायला सांगणारा होता.

गेले. टेर्मीन नसलेल्यांसाठी सकाळी थोडे नंबर देतात, हे वेबसाइटवर कुठेच नव्हतं. माझ्या पुढचा तरुण काचेवर ओरडत होता. काचेपलीकडची अधिकारी ‘बेरूइगन झी झिश’ म्हणाली, शांत व्हा, आणि तो आणखी भडकला. इंग्रजीत ‘काम डाउन’ म्हटल्यावरही माणसाचं अगदी हेच होतं. हे वाक्य कुणालाही म्हणू नका, अधिकाऱ्याला तर मुळीच नाही.

माझा नंबर आल्यावर मी घरून घोकून नेलेलं वाक्य म्हटलं: ‘इश म्योश्ट दास गेर्न इन रूए क्लेरन’, मला हे निवांतपणे समजून घ्यायचंय. ती बाई खरंच जरा मागे टेकून बसली. तिने स्क्रीनवर शोधलं. कागद एकही कमी नव्हता, अर्ज रांगेत होता, एवढंच. ‘लासन झी झिश त्साइट’ म्हणत, म्हणजे सावकाश होऊ द्या, तिने मला सही करायला कागद दिला. इंग्रजीतलं ‘टेक युअर टाइम’ तेच. सही मी अजिबात सावकाश केली नाही. प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडताना मला एवढं हलकं वाटत होतं की पायऱ्यांवरच एचआरला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘टे गेट्रुंकन’, चहा पिऊन झाला.

बहिणीच्या लग्नाला जाऊन आले. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तो घडीचा कागद उलटसुलट केला, वरिष्ठांना बोलावलं, पण सोडलं.

प्रकरण तीन महिन्यांच्या पलीकडे लांबलं असेल, तर ‘उनटेटिगकाइट्सक्लागे’ म्हणून प्रशासन काहीच करत नसल्याबद्दलचा दावा प्रशासकीय न्यायालयात टाकता येतो. मला गरज पडली नाही, पण वकिलाशी बोलून ठेवा. आणि जर्मन भाषेची बी-वन, म्हणजे मध्यम पातळीची, परीक्षा आत्ताच देऊन टाका. ब्लू कार्डवाल्यांना कायम निवासासाठी सत्तावीसऐवजी एकवीस महिने पुरतात, म्हणजे नूतनीकरणाची ही कटकट एकदा तरी वाचते.

कार्ड बर्लिनच्या बुंडेसड्रुकेरायमध्ये छापून येतं. माझ्या बाबतीत कार्डाच्या ऑनलाइन वापरासाठीच्या पिनचं पत्र आधी आलं, तेही घरच्या पत्त्यावर. दारावरच्या पत्रपेटीवर पासपोर्टमधलं आडनाव आहे ना, बघून घ्या. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं होतं. ते मी त्याच आठवड्यात बदललं.