पूल अपडेट: क्लोरीन टाकतोय तरी पाणी हिरवं, कारण सापडलं, आणि वर्षाचा हिशोब परत मांडला

मंडळी, चोर सापडला. सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनच्या औषधासोबत पाण्यात साठत जाणारं रसायन) १६० पीपीएम, म्हणजे लिटरला १६० मिलिग्रॅम!

मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी आल्या, भाचरं दिवसभर पाण्यात, आणि ते गेल्यापासून पाणी जे हिरवट झालंय ते उतरायचं नावच घेत नाही. शॉक दिला (एकदम जास्त क्लोरीन टाकलं), फिल्टर रात्रभर चालवला, बॅकवॉश (उलट्या पाण्याने फिल्टर धुणं) झाले, क्लोरीन बघावं तर ३ पीपीएम दिसतंय म्हणजे पुस्तकाप्रमाणे सगळं ठीक, पण भिंतीवरून हात फिरवला की बुळबुळीत. दुकानदाराकडे गेलं की एकच उत्तर, "भाऊ, टीसीसीए वाढवा" (टीसीसीए म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, पूलमध्ये टाकायचं क्लोरीनचं औषध). गावातले म्हणे मोरचूद टाका, शेततळ्यात टाकतात तसं. मोरचूद मी टाकणार नाही, तांबं पाण्यात साठत जातं आणि आपल्याकडच्या चढ्या पीएचला प्लास्टरवर निळे-हिरवे डाग धरतं, ते डाग काढायला नंतर पाण्याच्या दुप्पट खर्च.

शेवटी सायन्युरिकची ती ढगाळ टेस्ट मागवली. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी, पूलचं पाणी आणि मेलामाइनचं रिएजंट (तपासणीचं रसायन) समसमान घ्यायचं, हलवायचं, ते दुधासारखं गढूळ होतं, मग तळाला काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतत वरून बघायचं, ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. माझा ठिपका नळीत थोडंसं पाणी गेल्याबरोबर गायब, १०० च्या खुणेच्याही आधी. १०० च्या वर ही नळी भरवशाची नाही म्हणून पूलचं पाणी आणि आरओचं पाणी निम्मं निम्मं करून परत केली, ८० आलं, म्हणजे खरं १६०. आणि स्ट्रिप (रंग बदलणारी तपासणीची पट्टी) काय सांगत होती? "५० ते १००". स्ट्रिपवर पीएच बघा, बाकी काही बघू नका असं माझं आता स्पष्ट मत आहे. रिएजंटची किट महाग वाटते पण एकदा घेऊन टाका.

आता हे झालं कसं ते नीट लिहितो, कारण आपल्या जळगाव-धुळ्याकडे जवळजवळ सगळे टीसीसीए ९० च वापरतात आणि कुठलाच दुकानदार हे सांगत नाही. टीसीसीएमधून १ पीपीएम क्लोरीन मिळतं तेव्हा सोबत साधारण ०.६ पीपीएम सायन्युरिक पण पाण्यात जातं. क्लोरीन उडून जातं, सायन्युरिक जात नाही. ना उन्हाने, ना बाष्पीभवनाने, पाणी बदललं तरच जातं. माझा पूल २४,००० लिटरचा, दिवाळीला पूर्ण नवं पाणी भरलेलं. हिवाळ्यात क्लोरीन कमी लागतं, पण एप्रिल-मे मध्ये रोज ३ पीपीएम धरलं तर फक्त त्यातूनच महिन्याला ५० च्या वर सायन्युरिक चढतं. ते ३०-५० असलं तर चांगलंच, उन्हापासून क्लोरीन वाचवतं, नाहीतर आपल्या मे महिन्याच्या उन्हात उघडं क्लोरीन तासाभराच्या आत निम्मं होतं. पण जास्त झालं की तेच क्लोरीनला धरून बसतं. मुक्त क्लोरीन सायन्युरिकच्या साडेसात टक्के तरी हवं, म्हणजे १६० ला नुसतं पाणी स्वच्छ राहायला १२ पीपीएम, आणि एकदा हिरवं झाल्यावर शेवाळ मारायला त्याच्या कितीतरी पट. मी ठेवत होतो ३. शेवाळाला काय फरक पडणार!

म्हणजे पाणी बदलणं आलं. १६० वरून ४० वर यायचं तर पाऊण पूल, १८,००० लिटर. मे संपत आलाय, बोअर दिवसातून थोडा वेळ पाणी देतो आणि ते आधी केळीला जातं. टँकर बोलावला तर ५,००० लिटरला आमच्याकडे सध्या हजाराच्या आसपास घेतात, पैसे देईनही, पण आजूबाजूला लोक प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघताना मी पूल भरायला टँकर लावणार नाही. काका सकाळीच येऊन बोलून गेले, "इतलं पाणी वाया जाई राहिनं भो", आणि ते बरोबरच आहे.

दुसरं म्हणजे टँकरचं पाणी पण कुणाच्या तरी बोअरचंच. माझ्या बोअरची हार्डनेस (पाण्यात विरघळलेला चुना) ४५० पीपीएम. पायरीवर बादली ठेवून घट मोजली होती (मागे फोटो टाकलाय), मे मध्ये रोज जवळपास १ सेंटिमीटर, म्हणजे १८ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून १८० लिटर. नुसतं पाणी उडतं, चुना खाली राहतो. महिन्याला जवळजवळ अडीच किलो चुना मी स्वतः पूलमध्ये ओततोय, वर्षाला ३५-४० हजार लिटर भरणा धरला तर १७ किलोच्या आसपास. टाइलवरची ती पांढरी रेघ इथूनच येते. ठिबकच्या नळ्यांना ॲसिड ट्रीटमेंट का करावी लागते हे ज्याला कळतं त्याला हे लगेच कळेल.

मग डोक्यात आलं, पाऊस. मृग लागायला थोडेच दिवस आहेत. घराचं छत १०० चौरस मीटर, आपल्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, गळती-बिळती वजा करून छतावरून ६०,००० लिटरपर्यंत पाणी मिळू शकतं, आणि त्यात चुना जवळजवळ शून्य. एका दगडात दोन पक्षी, सायन्युरिकही उतरेल आणि हार्डनेसही! पहिला पाऊस सोडून द्यायचा, छतावरची धूळ आणि चिमण्यांची घाण त्यात येते, पुढचा मळ्यातल्या जुन्या हौदात घ्यायचा, हौद १२,००० लिटरचा आहे. पाईप जैन इरिगेशनचेच पडून आहेत, जोडणी घरीच होईल.

प्लॅन असा होता की पूल पाव पाव रिकामा करायचा. पावसाळ्यात पूर्ण रिकामा करायची हिंमत नाही, आमची काळी माती भिजली की फुगते आणि बाहेरून भिंतीला रेटते, आत पाण्याचा दाब नसेल तर तडा जाऊ शकतो. पण पाव पाव मध्ये हिशोब बसत नाही, १६० चे १२०, मग ९०, मग ६७, मग ५०, म्हणजे २४,००० लिटर घालवून पण ५० वरच.

हे लिहिता लिहिताच एक सुचलंय. शेजाऱ्यांच्या शेततळ्याची ५०० मायक्रॉनची फिल्म उरलेली आहे, मोठा तुकडा आहे. ती पूलवर सैल पसरायची, हौदातलं पावसाचं पाणी फिल्मच्या वर सोडायचं आणि त्याच वेगाने फिल्मखालचं जुनं पाणी मोटरने बाहेर काढायचं. जुनं-नवं मिसळत नाही आणि पूलची पातळी एक इंच पण उतरत नाही. एक हौद म्हणजे बरोबर अर्धा पूल, फिल्म काढून पंपाने ढवळलं की १६० चे ८०, दुसऱ्या हौदाला ८० चे ४०. तेवढंच पाणी, पण ४० पर्यंत पोचतो आणि भिंतीही सुरक्षित! पाव पावचा प्लॅन रद्द, हेच करतो. काढलेलं पाणी क्लोरीन उतरू देऊन नारळ आणि कडूनिंबाला जाईल, केळीला नाही, केळीला खारट पाणी सोसत नाही.

यापुढे रोजचं क्लोरीन लिक्विड, सोडियम हायपोक्लोराइट १० टक्के. माझ्या पूलला १ पीपीएमला २४० मिली, वर्षाला १३० लिटरच्या आसपास, सव्वातीन हजार रुपये. टीसीसीए वर्षाला १५ किलो जात होतं, साडेचार हजाराचं. म्हणजे लिक्विड स्वस्तच पडतं. फक्त आपल्या उन्हाळ्यात कॅन बाहेर राहिला तर काही आठवड्यांत त्याचा दम निघून जातो, म्हणून थोडं थोडं आणि ताजं घ्या, सावलीत ठेवा. राहिलेलं टीसीसीए गावाला गेलो तर आठवडाभरासाठी वापरीन. आणि हे नीट वाचा, टीसीसीए, कॅल्शियमवालं ब्लीचिंग, लिक्विड आणि ॲसिड यातलं काहीही एकमेकांत कधीच मिसळायचं नाही, एकाचा मग दुसऱ्यात बुडवायचा पण नाही. आग लागते, विषारी गॅस होतो.

आता एक आनंदाची गोष्ट, शेडनेट! केळीच्या रोपवाटिकेला वापरतात ती ७५ टक्क्यांची हिरवी नेट, जीआय पाईपच्या सांगाड्यावर पूलच्या वर टाकली. बादलीच्या मापाने रोजची घट १० मिलिमीटरवरून ६ वर आली, क्लोरीनही कमी जळतंय, आणि दुपारी चार वाजता पाण्यात उतरलं की खरंच गार वाटतं. पुण्या-मुंबईचे लोक बबल कव्हर सुचवतात, त्याने बाष्पीभवन जास्त थांबतं हे खरं, पण ते पाणी तापवायला बनवलेलं आहे, आपल्या ४४-४५ डिग्रीत तापलेलं पाणी कुणाला हवंय. हिवाळ्यात बघू.

वर्षाचा हिशोब आता असा बसतोय. लाईट सगळ्यात मोठी, पाऊण एचपीचा पंप उन्हाळ्यात ८ तास आणि थंडीत ३-४ तास, सरासरी रोज ४ युनिट, वर्षाला १,४६० च्या आसपास, घराचं बिल ३०० युनिटच्या वरच्या स्लॅबमध्ये जातं म्हणून मी १४ रुपये धरतो, म्हणजे वीस हजार. क्लोरीन सव्वातीन, ॲसिड दोन, रिएजंट साडेतीन, फिल्टरची वाळू चार-पाच वर्षांनी बदलतो त्याचे वर्षाला हजार, जाळी-ब्रश-सील-ओरिंग असं किरकोळ तीन. तेहतीस हजाराच्या घरात. केमिकलवर आपण इतकं बोलतो आणि निम्म्याहून जास्त पैसा पंप खातोय. शेतीच्या मीटरवर जोडा म्हणणारे खूप भेटतात, ते नियमात बसत नाही, मी करणार नाही. व्हेरिएबल स्पीड पंपावर डोळा आहे, स्पीड निम्मा केला की पॉवर गणिताने आठव्या हिश्श्यावर येते, तास वाढवले तरी बचत मोठी. नाहीतर छतावर ३ किलोवॅट सोलर, सूर्यघर योजनेत ७८,००० सबसिडी आहे आणि पंप तसाही दिवसाच चालतो. पण मग छतावरचं पाणी आणि पॅनलवरून येणारं पाणी दोन्ही हौदाकडे वळवायचं तर पन्हळ आत्ताच दोन इंच मोठी घ्यायला हवी, हे आत्ता लक्षात आलं, उद्या प्लंबरला सांगतो.

जळगाव-भुसावळकडे कुणी व्हेरिएबल स्पीड पंप बसवला असेल तर रोजचे युनिट किती येतात आणि व्होल्टेज खाली गेलं की पंपाचं इलेक्ट्रॉनिक कार्ड टिकतं का ते सांगा, आमच्याकडे संध्याकाळी १८० पर्यंत उतरतं.