क्रॅनमरची प्रार्थना, कॅथलिक मिस्सा

आज लंडनला सोहोतल्या वॉर्विक स्ट्रीटच्या चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, गेले होते. अँग्लिकन, म्हणजे रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेतून कॅथलिक झालेल्यांचं हे चर्च. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये त्यांना वाट मोकळी करून दिली आणि २०११ मध्ये इंग्लंडात त्यांची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. पोपचा अधिकार मानायचा, पण तोंडात बसलेल्या प्रार्थना सोडायच्या नाहीत.

कम्युनियनआधी, म्हणजे पवित्र भाकर घेण्याआधी, सगळे गुडघ्यांवर आले आणि एका सुरात म्हणू लागले, तुझ्या मेजाखालचा चुरा वेचण्याचीही आमची योग्यता नाही. अंगावर काटाच आला. मी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या अँग्लिकन वारसा असलेल्या प्रोटेस्टंट चर्चच्या घरातली, ही प्रार्थना मला लहानपणापासून पाठ. ती सोळाव्या शतकातले इंग्लंडचे प्रोटेस्टंट आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांची. त्याच क्रॅनमरला १५५६ मध्ये, कॅथलिक राणी मेरीच्या राजवटीत, ऑक्सफर्डला जिवंत जाळलं होतं. आणि आज त्याचे शब्द रोमच्या संमतीने कॅथलिक वेदीपुढे!

काहीजण म्हणतात, कॅथलिक चर्चमध्ये यायचं तर सगळं मागे टाकून या. मला नाही पटत. यांच्यातल्या कितीतरी धर्मगुरूंनी बायकामुलं असताना अँग्लिकन चर्चने दिलेलं घर आणि पगार सोडला. त्यांच्याकडून आणखी काय मागायचं?

आता एकदा इथल्या सायंप्रार्थनेला जायचंय.