तुम्ही विचारलंत म्हणून: देव आहे, मग गोळ्या कशाला?

"देवावर एवढी श्रद्धा आहे ना तुमची, मग गोळ्या कशाला?" मला बायपोलर, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी खोल उदासीत नेणारा आजार, आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यातलं कोणी ना कोणी हे विचारतंच. कधी काळजीनं, कधी जरा खोचकपणे. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

आधी एक कबुली. देव मला सगळ्यात जवळचा वाटला तो मेनियात, म्हणजे त्या टोकाच्या उत्साहाच्या काळात. पाच रात्रींत मिळून जेमतेम दहा तास झोपले असेन, पण थकवा नावाला नाही. प्रार्थनेला बसले की उठायचं नाव नाही. देवानं जगासाठी माझी निवड केलीय याची खात्रीच होती, आणि त्याचे 'संदेश' मी वहीत उतरवत होते. ती वही अजून आहे. पहिल्या पानावर अक्षर नेहमीचं, वळणदार. विसाव्या पानावर एका ओळीत चार शब्द मावत नाहीत आणि पेनाच्या जोरानं कागद फाटलाय.

मग डिप्रेशन आलं आणि तोच देव बेपत्ता. ओठ हलायचे, आत काही नाही. माझ्या पापांमुळेच तो गेला, असं मी धरून चालले. निवड झाल्याचं वाटणं काय किंवा पापी वाटणं काय, दोन्ही या आजारात नेहमी दिसतं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला रागच आला. म्हणजे माझा देवही लक्षणांतच जमा?

लिथियम सुरू झालं. साधा क्षार, पण मेनियावर तो चालतो हे जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ साली मांडलं. शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी रक्तातली लिथियमची पातळी तपासायची, अधूनमधून किडनी आणि थायरॉइडही तपासायचं. अंगातलं पाणी किंवा मीठ घटलं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि पातळी धोक्याची होते. म्हणून माझे निर्जळी उपवास बंद. जागरणंही बंद, कारण झोप मोडली की मेनियाला वाट मिळते. हात थरथरतात त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. उपवास सुटल्याचं मात्र फार लागलं.

आता प्रार्थना रोज वीस मिनिटं. भरून आलं तरी वीस, कोरडं वाटलं तरी वीस. डिप्रेशनमध्ये पांघरुणातून हात काढवत नाही, स्वतःचे शब्द सुचत नाहीत. तेव्हा पाठ असलेल्या ओळी कामी येतात. त्या संपेपर्यंत तग धरायचा, आणि मनात मरणाचे विचार असतील तर लगेच धाकट्या बहिणीला हाक मारायची, हे आमचं ठरलेलं आहे.

मागे एकदा वीसची पन्नास मिनिटं झाली. बहीण दारात येऊन उभी राहिली. "ताई, काल किती झोपलीस?" मी उखडले. देवापुढेही आता हिशेब द्यायचा का! मग झोपेची नोंद काढून पाहिली: चार तास. आदल्या रात्री साडेतीन. त्याच दुपारी डॉक्टरांना फोन केला.

गोळ्यांची डबी मी प्रार्थनेच्या पुस्तकावरच ठेवते. ती उचलल्याशिवाय पुस्तक उघडत नाही.